पिळाची तंबाखू

लिफ्टदुरुस्तीचं काम करणाऱ्या एका माणसाला सगळे फार शहाणा समजत, आणि त्याला कारण तंबाखू होती.

ती साधी तंबाखू नव्हती. पानं ओली असतानाच पिळून, तेलाचा हात लावून त्यांचा अंगठ्याएवढा जाड दोर करायचा आणि त्याचं वेटोळं घालून मुरवायचं, अशा जुन्या पद्धतीची होती. रंग डांबराचा. वास असा, की कुणी चामड्याचा बूट व्हिनेगरमध्ये भिजवून विस्तवावर वाळत घातलाय. घरी आणल्यावर सुरीने तिच्या पातळ चकत्या करायच्या, वर्तमानपत्रावर पसरायच्या, जरा सुकल्या की तळहातावर चोळायच्या आणि चिमटीचिमटीने पाइप भरायचा. एवढं करूनही ती सहजासहजी पेटत नाही. काडी ओढायची, राख दाबायची, पुन्हा काडी ओढायची.

या लिफ्टवाल्यांना कुणी काही विचारलं, की ते आधी सुरी काढत. विचारणारा समोर बसे. पाइप पेट धरेपर्यंत त्याने आपली अडचण तीनदा सांगितलेली असे, आणि तिसऱ्यांदा सांगताना त्याचं उत्तर त्यालाच सापडलेलं असे. "म्हणजे असंच करू ना?" तो विचारी. लिफ्टवाले धूर सोडत आणि मान हलवत. माणूस हलका होऊन घरी जाई आणि चारचौघांत सांगे, की हा माणूस बोलत नाही, पण बोलला की लाखमोलाचं बोलतो. नेमकं काय बोलला, ते कुणी विचारत नसे.

त्यांच्या बायकोची लाँड्री होती. दुकानात पाइपला सक्त मनाई होती, कारण गिऱ्हाइकाच्या कोटाला तो वास एकदा लागला असता तर कोट जाळावा लागला असता. म्हणून लिफ्टवाले दुकानामागच्या बोळात उलट्या बादलीवर बसून ओढत. संसाराची सगळी वर्षं बाईंनी त्या वासाच्या नावाने बोटं मोडली होती.

मग एके दिवशी डॉक्टरांनी लिफ्टवाल्यांची छाती तपासली आणि म्हणाले, "हे बंद."

"कधीपासून?"

"आत्तापासून."

"बरं," लिफ्टवाले म्हणाले.

घरी येऊन त्यांनी दोन्ही पाइप, सुरी आणि उरलेलं वेटोळं एका पत्र्याच्या डब्यात भरलं आणि डबा बायकोच्या हवाली केला. तिने तो दुकानातल्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला. तिला इतका आनंद झाला, की तिने त्या दिवशी बोळही धुऊन काढला.

आनंद आठवडाभर टिकला. मग तिच्या लक्षात आलं, की तोंड रिकामं झाल्यापासून नवरा बोलायला लागलाय. आणि थांबत नाहीये. इस्त्री तापायच्या आधी फिरवतेस, असं ते म्हणाले. शटरला तेल घाल, म्हणाले. शेजारच्या शिंप्याने मुलीसाठी आलेल्या स्थळाबद्दल विचारलं, तर सुरी शोधायला हात खिशात गेला, खिसा रिकामा निघाला, आणि लिफ्टवाले ताडकन म्हणाले, "मुलगा बरा आहे, पण तुमच्या मुलीला तो आवडत नाही. तिच्या तोंडावरच दिसतंय." शिंपी त्यानंतर महिनाभर दुसऱ्या गल्लीतून गेला.

"अहो, सगळंच बोलून दाखवायला हवं का?" बाई म्हणाल्या.

"मी पूर्वीही हेच म्हणायचो," लिफ्टवाले म्हणाले. "मनात."

नेमक्या याच दिवसांत बाईंच्या दोन भावांनी बैठक मागितली.

थोरला बसमध्ये तिकीट तपासनीस होता. प्रत्येक माणूस विनातिकीट आहे असं धरून चालायची त्याला सवय होती. धाकट्याचं चष्म्याचं दुकान होतं, आणि तो बोलताना समोरच्याला नीट दिसत नसावं अशा सुरात बोलायचा. दोघांमध्ये आईवरून वाद होता. आई जुन्या घरात वरच्या मजल्यावर एकट्या राहत. हिवाळ्यात त्या जिन्यावर घसरल्या आणि त्यांचा गुडघा सुजला. तेव्हापासून थोरला म्हणत होता, आई माझ्याकडे राहील. धाकटा म्हणत होता, आई माझ्याकडे राहील. दोघांची माया खरी होती. पण आता मायेपेक्षा जिद्द वाढली होती, आणि भाऊ एकमेकांशी बहिणीमार्फत बोलायला लागले होते. बाईंना दिवसातून चार वेळा फोन घ्यावा लागे आणि एकाचं दुसऱ्याला जरा गोड करून सांगावं लागे.

रविवारी दुपारी लाँड्री बंद असते, म्हणून तिथेच जमायचं ठरलं. आईंनाही आणलं, कारण दुकानाला पायऱ्या नाहीत. आई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली होती आणि मध्ये बोलायचं नाही हा नियम पाळला होता. त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसल्या. भोवताली हॉटेलातून धुवायला आलेल्या चादरींची मोठमोठी गाठोडी होती.

थोरल्याने सुरुवात केली. "भाऊजी, तुम्ही जाणते आहात, म्हणून तुम्हाला सांगतो. मी मोठा. माझं घर मोठं..."

"हे मागच्या वेळी सांगितलंत," लिफ्टवाले म्हणाले.

थोरल्याचं वाक्य अर्धंच राहिलं. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

"माझं तसं नाही," धाकटा म्हणाला. "माझ्या घरी उजेड भरपूर..."

"उजेडाचंही झालं. पुढे."

दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच.

"भाऊजी," थोरला म्हणाला, "तुम्ही पाइप ओढा बघू. त्याशिवाय बैठकीला बैठकीचं रूप येत नाही."

"सोडला मी. डॉक्टरांनी सांगितलंय."

"मग मी ओढतो. कुणीतरी ओढायलाच हवा. ताटकळत बसायला काही निमित्त नको का?"

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग त्यांना दिवसाचे चार फोन आठवले, आणि गिऱ्हाइकांचे कोट आतल्या खोलीत टांगून त्या स्टुलावर चढल्या. डबा खाली आला.

थोरल्याने वेटोळं हातात घेतलं आणि सुरी आडवी धरून जाड तुकडे पाडायला सुरुवात केली. लिफ्टवाल्यांना ते बघवेना. त्यांनी सुरी काढून घेतली आणि स्वतः कागदासारख्या पातळ चकत्या पाडल्या, पसरल्या, चोळल्या, पाइप भरला. आपलीच बोटं कशी चालतात हे ते फार मन लावून बघत होते.

"हे सिगरेटसारखं ओढायचं नाही," ते म्हणाले. "धूर तोंडातच ठेवायचा. घोट घ्यावा तसा. सावकाश."

"मी जन्मात सिगरेट ओढलेली नाही," थोरला म्हणाला.

"मग तर नकोच."

पण थोरल्याने पाइप घेतला होता. धाकटा पुढे सरकला. "मलाही भरा."

"तुला कशाला?" बाई म्हणाल्या.

"त्याला कशाला?"

दुसरा पाइप जुना होता, दांडीला चीर गेलेला. तोही भरला. काड्या ओढल्या गेल्या. पहिल्या झुरक्याला दोघांनाही काही झालं नाही, आणि तिथेच घात झाला. थोरला म्हणाला, एवढं काही कडक नाही. धाकटा म्हणाला, उगाच बाऊ केला होता. थोरल्याने जोरात ओढला. धाकट्याने त्याहून जोरात. धूर पोटात गेला.

"सावकाश," लिफ्टवाले म्हणाले.

थोरल्याला उचकी लागली. मग कपाळावर दरदरून घाम आला. त्याने पाइप अतिशय काळजीपूर्वक टेबलावर ठेवला, जणू तो पाइप नसून भरलेला पेला आहे, आणि म्हणाला, "जमीन कोण हलवतंय?" कुणीच हलवत नव्हतं. तो एका गाठोड्यावर बसला, मग कलंडला, मग चारी मुंड्या चीत झाला. धाकटा त्याच्याकडे बघून हसायला गेला. तोंड उघडल्यावर हसू आलं नाही, म्हणून त्याने तोंड मिटलं आणि बाहेर बोळात धावला. परत आला तेव्हा रंग फिक्या साबणासारखा होता. तोही शेजारच्या गाठोड्यावर आडवा झाला.

बाई घाबरल्या. "अहो, डॉक्टरांना बोलवू का?"

"साखरेचं पाणी दे. सगळ्यांना होतं असं पहिल्यांदा. मी दिवसभर लिफ्टच्या टपावर पडून होतो."

"हे मला कधी सांगितलं नाहीत."

"तोंडात पाइप होता ना."

बाईंनी साखरेचं पाणी आणलं, एकेकाचं डोकं धरून पाजलं. मग दोघे शेजारी शेजारी, डोळे मिटून, टेबलाचा एकेक पाय घट्ट धरून पडून राहिले. टेबल सोडलं तर आपण घरंगळत जाऊ अशी दोघांची खात्री होती.

बऱ्याच वेळाने धाकटा म्हणाला, "दादा."

थोरल्याने हुं केलं.

"मी मरतोय का रे?"

"नाही," थोरला म्हणाला. "मी मोठा आहे. आधी मी."

धाकट्याने विचार केला. यावर वाद घालावा असं त्याला वाटलं नाही. त्याने चाचपडत हात पुढे केला, आणि थोरल्याने टेबल सोडून तो धरला. बाईंनी तोंड फिरवलं आणि इस्त्रीची वायर उगाचच गुंडाळली.

एवढा वेळ खोलीत कुणी भांडत नव्हतं, आणि लिफ्टवाल्यांचं तोंड रिकामं होतं. ते सासूबाईंकडे वळले.

"आई, तुम्हाला कुठं राहायचंय?"

आईंनी आधी पर्स बंद आहे ना ते पाहिलं. त्यांना बहुधा खात्री करून घ्यायची होती, की प्रश्न आपल्यालाच आहे.

"मला जिना नकोय," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"थोरला तिसऱ्या मजल्यावर राहतो, धाकटा चौथ्या. दोघांकडे लिफ्ट नाही. एकदा वर गेले की मी खाली येणार नाही, एवढं मला कळतं. मला रोज खाली यायचंय. भाजी घ्यायचीय, बाकावर बसायचंय, लोक काय बोलतात ते ऐकायचंय. मी काही आजारी नाही. माझा फक्त गुडघा दुखतो."

"आधी का नाही बोललात?" बाईंनी विचारलं.

"दोघं एकाच वेळी बोलत होते. लाइन मोकळी नव्हती."

गाठोड्यावरून थोरला म्हणाला, "आई, अगं..."

"तू पडून राहा," आई म्हणाल्या.

लिफ्टवाले बोलायला लागले. लग्न झाल्यापासून बाईंनी त्यांना सलग इतकं बोलताना ऐकलं नव्हतं, आणि या वेळी त्यांनी अडवलं नाही. शहरातली प्रत्येक लिफ्ट त्यांना माहीत होती. बाजारामागच्या इमारतीतली देखणी, पण पावसाळ्यात अडकते. नदीकाठची वेगवान, पण दार झटकन मिटतं, म्हाताऱ्या माणसाला नको. टपाल कचेरीजवळच्या इमारतीत मात्र त्यांनी स्वतः बसवलेली लिफ्ट होती. आत बसायला छोटी घडीची फळी होती आणि दार सावकाश मिटायचं. जरा कुरकुरायची, पण आजवर कुणाला मध्ये ठेवलं नव्हतं. तिथली चौथ्या मजल्यावरची एका खोलीची जागा भाड्याने द्यायची होती. खाली भाजीवाली होती. बाक होता.

"बाक सावलीत आहे?" आईंनी विचारलं.

"दुपारनंतर."

"मग बघू या," आई म्हणाल्या आणि उठल्या.

भावांना उभं राहता येत नव्हतं, त्यामुळे विरोध करता आला नाही. लिफ्टवाले आणि बाई आईंना घेऊन जागा बघायला गेले, तेव्हा मागे दोघे गाठोड्यांवर पडून होते. थोरला धाकट्याला विचारत होता, की तुझी जमीन थांबली का.

महिनाअखेर आईंचं सामान हललं. आई भांड्यांची पेटी घेऊन लिफ्टच्या फळीवर बसल्या, वर गेल्या, आणि काही विसरलं म्हणून पुन्हा खाली आल्या. काही विसरलं नव्हतं. त्या पुन्हा वर गेल्या. लाकडी कपाट लिफ्टच्या दारातून जाईना, तेव्हा दोघा भावांनी ते जिन्याने न्यायचं ठरवलं. वरची बाजू कुणी धरायची यावरून पहिल्या वळणावर बोलाचाली झाली, आणि दुसऱ्या वळणावर कपाट अडकलं. थोरला म्हणाला, तिरकं कर. धाकटा म्हणाला, तिरकंच आहे, तुला दिसत नाहीये.

"दोघंही खाली ठेवा आणि आधी दारं काढा," लिफ्टवाले जिन्याखालून ओरडले.

"तुम्ही गप्प बसा!" दोघे भाऊ एका आवाजात म्हणाले, आणि मग त्यांनी दारं काढली.