चोवीस वेळा कांताबाई

कापसाच्या भावासाठी बायकांचा मेळावा वणीला ठरला, आणि चारशे निमंत्रणांचे पत्ते घरच्या जुन्या कम्प्युटरवर छापायचं काम दीपमालानं अंगावर घेतलं. यादीत पहिलं नाव तिनं हट्टानं आईचं घातलं होतं. चिकट लेबलांचा पहिला कागद प्रिंटरमधून बाहेर आला, तर चोवीसच्या चोवीस लेबलांवर एकच पत्ता: कांताबाई मुनेश्वर, बोरी अरब.

"काहून वं, सारी पत्रं तुह्या मायलेच धाडतं का?" तिचे वडील नागोराव हसून हसून खोकायला लागले.

दीपमाला चरफडली. प्रत्येक चौकटीत यादीतलं पुढचं नाव घ्यायची सूचना तिच्याकडून राहिली होती. ती दिल्यावर चारशेच्या चारशे पत्ते धडाधड निघाले.

वाया गेलेला कागद मात्र कांताबाईंनी फाडू दिला नाही. आजवर घरात आलेलं प्रत्येक पत्र नवऱ्याच्याच नावानं होतं. एकेक लेबल सोलून त्या डाळीच्या डब्यावर, लोखंडी पेटीवर, फवारणीच्या पंपावर, थेट घराच्या दारावर लावत सुटल्या. शेवटचं लेबल त्यांनी नागोरावांच्या सदऱ्यावर दाबून चिकटवलं.

"आता कुठंबी हरपले," कांताबाई म्हणाल्या, "तरी बराबर घरी येसान."