मॅलकीचा एकच शब्द

मॅलकी गॅफनीच्या तोंडात विशेषण एकच होतं, ‘ग्रँड’. आयर्लंडमधल्या लिट्रिममध्ये ते तसं सगळ्यांच्याच तोंडी असतं, पण बाकीचे लोक जोडीला दुसरेही शब्द वापरतात. मॅलकीला त्यांची गरज कधी पडली नाही. पाऊस नुसता भुरभुरत असेल तर हवा ग्रँड. आणखी चहा ओतू का विचारलं तर ग्रँड, म्हणजे नको. ट्रॅक्टरचं चाक पायावरून गेलं, तेव्हाही चिखलात बसून तो थोरल्या बहिणीला सांगत होता, “ग्रँड आहे मी.” दोन हाडं मोडली होती.

ही बहीण, डिम्फना, तीस वर्षं त्याला रांधून वाढत आली होती. दर रविवारी सफरचंदाचं सारण पोळीत भरून भाजलेला टार्ट ठरलेला. कसा झालाय म्हटलं की उत्तरही ठरलेलं. पण या ग्रँडचा अर्थ तिला कधी लागला नाही. छान? बरा? की गप्प बस आणि मला खाऊ दे?

ऑगस्टातल्या एका रविवारी तिच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. साखरेच्या जागी तिनं सढळ हातानं मीठ घातलं, वर नेहमीसारखं क्रीम ओतलं आणि बशी त्याच्यापुढे सरकवली. मॅलकीनं घास घेतला. चावला. गिळला. मग खिडकीबाहेरच्या गाईंकडे बराच वेळ बघत बसला.

“कसाय रे?”

“ग्रँड.”

“आणखी एक तुकडा देऊ?”

“नको. दुसराही केलायस ना? तो नेतो मी. काम आहे.”

तोही खारटच होता; डुकरांना घालणार, असं समजून डिम्फना भांडी घासता घासता पोट धरून हसली.

दुपारी ती चर्चच्या जत्रेला गेली. हॉलमध्ये टार्टांची स्पर्धा मांडली होती. टेबलावर चार टार्ट होते आणि चौथ्यापुढच्या चिठ्ठीवर मॅलकीच्या वेड्यावाकड्या अक्षरात तिचं नाव होतं. ती पुढे धावली, पण तोवर परीक्षक फादर टियर्नींनी काटा उचलला होता.

फादरांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. “ग्रँड,” ते म्हणाले, “अगदी ग्रँड,” आणि पाण्याचा ग्लास एका दमात रिकामा केला. शेजारीण कन्सेप्टाचाही टार्ट स्पर्धेत होता; तिनं हा तुकडा चाखला, रुमाल तोंडाशी नेला आणि म्हणाली, “ग्रँड गं, डिम्फना. काहीतरी वेगळंच.” पोस्टमननं दोनदा मान हलवली. खरं कुणी बोलेना आणि डिम्फनालाही बोलता येईना.

तिला तिसरं बक्षीस मिळालं. चौथी आली कन्सेप्टा.

कन्सेप्टाचा पडलेला चेहरा मात्र डिम्फनाला बघवला नाही. कोपऱ्यात गाठून तिनं सगळं सांगून टाकलं.

“मीठ होतं ते?” कन्सेप्टा म्हणाली. “आणि मी आपली उद्या डॉक्टरला जीभ दाखवायला निघाले होते.” मग तिला हसू आवरेना. “पण माझा त्याहून वाईट होता म्हणजे?”

“नाही गं. फादरांना माझ्या स्वयंपाकघरात अजून बरीच वर्षं चहा प्यायचाय.”

घरी जाताना मॅलकीच्या गाडीत डिम्फना बक्षिसाची फीत मांडीवर घेऊन बसली होती. पुलाशी आल्यावर म्हणाली, “तुला कळलं होतं.”

“पहिल्याच घासाला.”

“मग बोलला का नाहीस?”

“मीठ घातलंय का, असं कुठं विचारलंस?”

“आणि इतकी वर्षं? तेव्हा कसा व्हायचा? आज खरं सांग.”

मॅलकीनं गिअर बदलला. उगाच आरशात पाहिलं. “खालची पोळी जरा जाड होते,” तो शेवटी म्हणाला. “पण दुसऱ्या कुणाच्या हातचा मला जात नाही.”

डिम्फनानं खिडकीकडे तोंड फिरवलं. कान लाल झाले होते, ते त्याला दिसू नयेत म्हणून.

“जाड म्हणजे किती?” तिनं विचारलं.

स्टिअरिंगवरचा एक हात काढून त्यानं दोन बोटांत अंतर धरून दाखवलं.