ब्लोअरसमोर दिलेला होकार

बोलतोय तो मी, एक हीटर. त्यातही पंख्याचा, म्हणजे तुम्ही ज्याला ब्लोअर म्हणता तो. सध्या माझी पिन भिंतीतून काढलेली आहे, तरी मी आतून चांगलाच तापलोय. या घरात जे झालं त्याचं सगळं खापर माझ्या डोक्यावर फुटलंय, आणि माझी बाजू कुणीही ऐकून घेतलेली नाही.

माझ्या जन्माबद्दल सांगण्यासारखं फार काही नाही. पोटात तापणारी तार, तिच्यामागे पंखा, पुढे जाळी. तार तापते, पंखा ती ऊब लांब ढकलतो. आता पंखा म्हटला की आवाज आलाच. तो मी कधी लपवला नाही.

दुकानात माझ्या शेजारी तेलाचा हीटर उभा असायचा. जाडजूड, तापायला वेळ लावणारा, पण तोंडातून चकार शब्द काढत नसे. एका दुपारी एक गृहस्थ बायको आणि कॉलेजातल्या मुलीला घेऊन आला.

"आत्यासाठी हवाय," तो म्हणाला. "तिची खोली म्हणजे नुसता बर्फ."

"त्यांनाही आणायचं होतं," विक्रेता म्हणाला. "वापरणार त्या."

"या थंडीत तिला कुठे बाहेर काढू?"

मग निवड सुरू झाली. भाच्याला चटकन तापणारा हवा होता. बायकोला उन्हाळ्यात कपाटावर टाकता येईल असा हलका हवा होता. मुलीला पांढराच हवा होता, कारण आत्याच्या खोलीतलं कपाट पांढरं. विक्रेत्याने मला लावून दाखवलं, तेव्हा एका बाजूला मिक्सर फिरत होता आणि दुसऱ्या बाजूला टीव्ही ओरडत होते. त्या गलक्यात माझा आवाज कुणाला जाणवणार? तिघांनी माझ्यापुढे हात धरले, "वा, लगेच गरम!" म्हणाले आणि मला उचललं. तेलाचा बिचारा बघतच राहिला.

घरी आलो आणि आत्याच्या कानातलं मशीन पाहिलं. जन्मभर टेलिफोन एक्सचेंजमध्ये कानाला हेडफोन लावून बसलेली बाई. निवृत्तीनंतर कान गेले, ते या मशीनवर चालत होते. आणि त्या मशीनला माझा आवाज आधी ऐकू यायचा, माणसांचा नंतर. मी सुरू झालो की तिच्या कानात फक्त घोंऽऽऽ. समोरच्याचे ओठ हलताना दिसायचे, एवढंच.

आधी ती विचारायची, "काय म्हणालास?" भाचा दुसऱ्यांदा सांगायचा. तिसऱ्यांदा विचारलं की, "काही नाही गं, राहू दे." या 'राहू दे'ची मला भयंकर चीड आहे. माणसाला घराबाहेर काढायला दार उघडावं लागत नाही, 'राहू दे' म्हटलं तरी पुरतं. आत्या मानी. तिने विचारणंच सोडलं. समोरचा हसला की ती हसायची, थांबला की मान हलवायची.

कुणी खोलीत आलं की ती आधी माझं बटण बंद करायची. एकदा मला म्हणालीसुद्धा, "तुझ्यावर राग नाही रे बाबा, पण ते लेकरू काहीतरी सांगतंय." ते लेकरू म्हणजे पन्नाशीचा भाचा. त्याची आई लवकर गेली, याच आत्याने त्याला वाढवलं.

पण मला बंद करण्याचा घरात अर्थ काय लागला? "आत्यांना विजेची भीती वाटते," भाचेसून म्हणाली. मग येणारा प्रत्येक जण मला पुन्हा सुरू करू लागला. वर दारही लावून घेऊ लागले, ऊब बाहेर जाऊ नये म्हणून. बाहेर जेवणाच्या टेबलावर गप्पा, हशा, आणि आत आत्या आणि मी. ऊब भरपूर. मला सांगा, असल्या उबेला काय चाटायचंय?

मग तिला खोकला धरला. डॉक्टर म्हणाले, ही खोली यांना सोसायची नाही. एका दुपारी भाचा येऊन तिच्या पलंगावर बसला. तिने बटणाकडे हात नेला, तर त्याने तो हळूच बाजूला केला. "असू दे, गार पडेल." आणि मला पूर्ण वेगावर केलं.

"आत्या," तो म्हणाला, "ज्येष्ठांसाठी एक जागा आहे. खोल्या गरम असतात, नर्स असते. आम्ही येत जाऊ भेटायला. तिकडे राहशील?"

बोलताना त्याला अपराधी वाटत होतं, म्हणून तो उगाच हसत होता. आत्याला ते हसू दिसलं. शब्द एकही पोचला नाही. हा आपल्याला ऊब लागतेय का विचारतोय, असं तिला वाटलं असावं.

"हो रे," ती मान हलवून म्हणाली. "छान आहे. बरं वाटतंय."

मी तार लाल होईपर्यंत तापलो, पण मला ओरडता येत नाही, फुंकता येतं. भाच्याने पुन्हा विचारायला काय हरकत होती? मला बंद करून विचारायला किती वेळ लागतो? पण मनासारखं उत्तर मिळालं की प्रश्न परत कोण विचारतो! बाहेर जाऊन तो म्हणाला, "ती स्वतःच हो म्हणाली." त्याचा आवाज केवढा हलका झाला होता.

आज सकाळी आत्या आंघोळीला गेली असताना भाचेसुनेने तिचे कपडे एका बॅगेत भरून ती दारापाशी आणून ठेवली. आता या खोलीत माझं काम उरलं नव्हतं, म्हणून माझी पिन काढली. खोली गार आणि शांत झाली.

"कुठे निघालात रे?" आत्याने विचारलं.

"आम्ही नाही, आत्या. तू. ती गरम खोल्यांची जागा... तू हो म्हणाली होतीस ना? त्या दिवशी, हीटरसमोर."

आत्याने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तिला सगळं उमगलं. आवाज चढवला नाही तिने. कानातलं मशीन नीट बसवलं, पलंगावर बसली आणि शेजारची जागा थोपटली.

"बस. आता हा बंद आहे. काय विचारलं होतंस ते परत विचार."

भाचा बसला. जे पंख्याच्या आवाजात सहज विचारता आलं होतं, ते आता त्याच्या ओठांवर येईना. आत्या वाट बघत राहिली. शेवटी तो उठला, बॅग उचलून आत आणली आणि तिचे स्वेटर एकेक करून कपाटात ठेवू लागला.

दारातून भाचेसून म्हणाली, "हा हीटरच मेला चुकीचा निघाला. याच्यामुळे झालं सगळं."

आता मला खोक्यात भरून दुकानात परत नेणार आहेत म्हणे. न्या. तेलाचा आणा, मला आनंदच आहे. तो आत्याजवळ बसेल आणि तिला घरातलं सगळं ऐकू येईल. पण चुकीचा मी नव्हतो. मी फक्त आवाज केला. तो प्रश्न माझा नव्हता.