ओबोननंतरची लाट

जपानमधल्या सेंदाईहून निघाल्यापासून मिताली गाडीच्या काचेला नाक लावून बसली होती. पुढच्या महिन्यात तिच्या बाबांचं, उदयचं, विद्यापीठातलं काम संपणार होतं आणि सगळे कायमचे पुण्याला परतणार होते. त्याआधी एकदा तरी फळीवर उभं राहून लाटेवरून घसरायचं, एवढंच तिचं मागणं. जुलैपासून ती मागे लागली होती. पण सुट्टीपुरते आलेले मोरेश्वर आजोबा मूळचे रत्नागिरीचे. ते अडून बसले होते, "नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ द्यायचा, मगच पाण्यात उतरायचं."

आज पौर्णिमा, त्यात रविवार. कड्यावरच्या निसरड्या पायवाटेनं सगळे खाली उतरले. तिन्ही बाजूंनी काळे कडे आणि मधे चिमुकली पुळण; लांब पाण्यात दोन तरुण फळ्यांवर. आजोबांनी नारळ पाण्यात सोडून हात जोडले, तशी मिताली फळ्या भाड्यानं देणाऱ्या खोपटाकडे धावली.

खोपटाचे मालक, म्हातारे किकुची-सान, फळ्या आत रचत होते. तिचं ऐकून त्यांनी मान हलवली आणि बराच वेळ काहीतरी समजावलं.

"काय म्हणतात?" आजोबांनी विचारलं.

"ओबोन संपला, त्यांचा पितरांचा सण." मितालीनं वाळूला लाथ मारली. "पितर घरी येऊन समुद्रातून परत गेले. आता मुलांनी पाण्यात जायचं नाही. लाटा ओढतात, जेलीफिश येतात. गेल्या आठवड्यापर्यंत सगळी मुलं येत होती." पुढचं ती जपानीत पुटपुटली.

"ते मराठीत सांग."

"तुमच्यामुळे, असं म्हटलं."

उदय म्हणाला, "मी बोलतो त्यांच्याशी. ते दोघं आहेतच की पाण्यात."

"ते मोठे आहेत. थांब जरा. आपल्याकडे कुणी पाहुणा आला आणि म्हणाला, पौर्णिमेआधी होडी काढा, तर काढू का आपण?" आजोबा मितालीसमोर वाळूत बसले. "चुकलंच माझं. तिकडचं पंचांग इकडच्या समुद्राला लावलं. त्यांना एवढं विचार, वाळूवर तरी शिकवाल का?"

किकुची-साननी फळी वाळूवर ठेवली. पालथं पडायचं, हात टेकायचे, झटकन उठायचं. मितालीला लगेच जमलं. मग आजोबाही फळीवर पालथे झाले आणि मधेच अडकले.

"आजोबा, पोट उचला."

"तेच तर उचलत नाही गं."

किकुची-सान हसले. मग त्यांनी लाटांचा अंदाज घेतला, आणि चपला काढून जे म्हणाले ते मितालीनं धावत येऊन सांगितलं, "गुडघ्याएवढ्या पाण्यात चालेल. फळी ते धरणार. पलीकडे तुम्ही उभं राहायचं."

आजोबांनी धोतर खोचलं. पांढरा फेस आला, किकुची-साननी फळी पुढे सोडली. मिताली गुडघ्यांवर आली, एक पाय टेकला आणि आडवी झाली. नाकातोंडात खारं पाणी.

"उभी राहिले का मी?"

"अर्धी," आजोबा म्हणाले.

मितालीनं ते किकुची-सानना सांगितलं. त्यांनी आजोबांकडे पाहिलं आणि फळी पुन्हा समुद्राकडे वळवली.