गालिना स्तेपानोव्हनाचं नाव

या, हीटरजवळ सरका, कोट मागाहून काढा. चहा उकळेपर्यंत एका बाईची गोष्ट सांगते. तिनं जन्मात कधी देवाचं नाव घेतलं नाही, पण आमच्या घरी देवापुढे तिचं नाव घेतलं गेलं. कसं ते ऐका.

मला कीर्तनाचं वेड. आम्ही ज्यू, ठाण्याच्या सिनेगॉगच्या अंगणात योसेफाचं आख्यान ऐकत मी वाढले. भाऊ योसेफाला विहिरीत टाकायचे तिथं मी दर वेळी रडायचे. आजही, इथं लंडनजवळ इल्फर्डच्या हॉलमध्ये कोणी पेटी काढली तरी रडते. आमच्या सासूबाई शेगुल्लाआजी रडत नाहीत. त्या बुवांना मध्येच विचारतात, "योसेफानं दुष्काळासाठी एवढं धान्य भरलं, मग गोदामाची किल्ली कोणाकडे होती?"

त्यांचा दोष नाही. सासरे पक्के कॉम्रेड. मॉस्कोत बसून ट्रॅक्टरच्या पुस्तकांचं मराठी करायचे. देव मानत नसत, पण मलिद्याचा प्रसाद दोनदा वाढून घेत. त्यांच्याबरोबर सासूबाईंनी तिथं दहा वर्षं काढली, आणि ती दहा वर्षं अंगातून गेलीच नाहीत. पर्समध्ये अजून जाळीची पिशवी असते. रांग दिसली की आधी उभं राहायचं, काय मिळतंय ते नंतर विचारायचं. गेल्या महिन्यात एका दुकानाबाहेर त्यांनी "शेवटचं कोण?" असं विचारलं, "मी तुमच्या मागे हं," असं त्या गोऱ्या माणसाला बजावलं आणि घरी येऊन जेवल्या. पाऊण तासानं परत जाऊन थेट त्याच्या मागे उभ्या! तिकडे तशीच रीत होती म्हणे. इकडचे लोक नुसते खोकले. आत बूट मिळत होते, यांच्या मापाचे नव्हते. तरी दोन जोड आणले. "होतील कोणाला तरी."

तर सासऱ्यांना जाऊन वर्ष झालं म्हणून आम्ही मलिदा ठेवला. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वर पाच फळं, गुलाब, सगळं आमच्या संदेष्ट्याच्या, एलियाहू हन्नाबीच्या नावानं ताटात मांडलं. प्रार्थना म्हणायला गर्शोनकाका आले होते. माणूस सोन्यासारखा, पण नियमाला दगड. मृतांच्या नावांचा कागद त्यांनी चष्म्याशी धरला आणि थांबले.

"वहिनी, ही गालिना कोण?"

"मॉस्कोत आमच्या बिल्डिंगच्या दाराशी टेबल टाकून बसायची. कोण आलं, कोण गेलं, वहीत लिहायची."

"आजी, म्हणजे तुमच्यावर स्पाय करायची?" आमची लेक अयेलेत केंब्रिजहून खास आली होती, तिचे कान लगेच टवकारले.

"मग! नोकरीच होती तिची. पण बिचारीला सुचायचं नाही. दर शुक्रवारी वर यायची, म्हणायची, शेगुल्ला, या आठवड्यात काय लिहू? मी सांगायची, ती लिहायची. एकदा मी स्वयंपाकघरात योसेफाचं कीर्तन म्हणत होते. दारावर थाप. हे काय चाललंय? मी म्हटलं, एका सरकारी अधिकाऱ्याचं गाणं आहे. त्यानं सात वर्षं धान्य साठवलं आणि दुष्काळात रेशनवर वाटलं. तिनं लिहिलं, 'भारतीय स्त्री नियोजनाची गाणी गाते.' पुढच्या शुक्रवारी स्टूल घेऊनच आली. म्हणे, नियोजनाचं पुढे काय झालं?"

मी तोंडात पदर कोंबला. योसेफाचं असं कोणी केलेलं मी ऐकलं नव्हतं, आणि देवाशपथ, वाईटही वाटेना.

गर्शोनकाका हसले नाहीत. "वहिनी, बाई आपल्यातली नाही. वर नास्तिक. वर चहाडखोर. हन्नाबीच्या ताटापुढे हे नाव मी कसं घेऊ?"

सासूबाईंचा आवाज खाली आला. "भावजी, वसंतात तिच्या भाचीचं पत्र आलं. गालिना गेली. तिला मूल नाही, आणि तिकडे तिच्यासाठी कोणी मेणबत्तीसुद्धा लावणार नाही. मी आहे तोवर आहे. माझ्यामागे तिचं नाव कोण घेणार?"

मग त्यांनी सांगितलं ते मीसुद्धा लग्नाला चोवीस वर्षं होऊन पहिल्यांदा ऐकलं.

आमचे हे, मीका, तेव्हा तीन वर्षांचे. बारा दिवस ताप. ताप उतरला तर मलिदा करीन, असं सासूबाई बोलल्या. ताप उतरला. पोहे नव्हते, ओटवर भागवलं. सफरचंद, संत्रं, लिंबू, मुंबईचा खजूर. पाचवं फळ मॉस्कोत फेब्रुवारीत आणायचं कुठून? कळलं की कोपऱ्यावर केळी आली आहेत. रांग चौकापर्यंत, बाहेर उणे वीस. पोरगं पलंगावर, सोडून जाता येईना. गालिना म्हणाली, तू वर बस, मी तुझी जागा धरते. चार तास उभी राहिली. तेवढ्यात तपासणीला साहेब आले, टेबल रिकामं.

"दुसऱ्या दिवसापासून तिच्या हातात फावडं. अंगणातला बर्फ खरवडायचा. मी खाली गेले तर विचारते काय, केळी गोड होती का? हिरवीगार होती हो, दगड नुसती. मी म्हटलं, साखर."

मीका खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. गर्शोनकाकांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग त्यांना अडायला एक सोयीची जागा सापडली. "मृताचं नाव बापाच्या नावाशिवाय घेत नाहीत, वहिनी. तमकी बत अमका, म्हणजे अमक्याची लेक तमकी, असं म्हणावं लागतं. ते तुम्हाला कुठून ठाऊक असणार?"

सासूबाई असं हसल्या की जणू केळीच मिळाली. "अहो भावजी, रशियन माणूस बापाला नावातच घेऊन हिंडतो! गालिना स्तेपानोव्हना. स्तेपानची लेक. दहा वर्षं मी रोज तिच्या बापाला हाक मारत होते."

काकांनी कागद पाहिला, ताट पाहिलं, मीकाकडे पाहिलं. मग सूर लावला. सासऱ्यांच्या नावामागे, त्याच चालीवर, नीट ठाय लयीत म्हणाले, "गालिना बत स्तेपान." आम्ही आमेन म्हटलं. माझं सगळ्यात मोठं निघालं.

मलिदा वाटताना सासूबाई पुटपुटल्या, "आता वर बसून लिहीत असेल, गर्शोन उशिरा आला, सूर जरा खाली लागला." काका म्हणाले, "सूर बरोबर होता, वहिनी." आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

चहा झाला बघा. घ्या. आणि एक करा. कधी रांगेत कोणासाठी जागा धरलीत, तर उभ्या उभ्या स्तेपानच्या लेकीची आठवण काढा. गालिना स्तेपानोव्हना. तिला केळी गोड होती असंच सांगा.