भिंतीकडे तोंड केलेला सूर्य

मित्रांनो, रोमच्या दक्षिणेला द्राक्षमळ्यांच्या टेकडीवर सेत्तिमिओ आणि नेरीना या म्हाताऱ्या जोडप्याचं घर आहे. त्या घराखालच्या तळघरात मी उभा असतो. मी एक जुना दगड आहे, तुमच्या कमरेइतका उंच. वय मात्र विचारू नका. ते आठवायला बसलं की माझंच मन खट्टू होतं.

ज्या पाथरवटाने मला घडवलं तो हाताचा कुशल आणि तोंडाचा फटकळ होता. त्याने माझ्यावर सूर्यदेवाचा चेहरा कोरला. डोक्याभोवतीचे किरण नुसते कोरले नाहीत, तर आरपार छेदले आणि पाठीमागे दिवा मावेल असा कोनाडा खणला. मागे दिवा ठेवला की पुढे किरण पेटायचे. मिथ्र नावाच्या देवाचे भक्त जिथे जमायचे, त्या भुयारी देवळात माझी स्थापना झाली. दोन्ही बाजूंच्या लांब ओट्यांवर सैनिक, व्यापारी आणि गुलाम शेजारी शेजारी रेलून कोंबडी खायचे, वाइन प्यायचे. नव्या माणसाला डोळे बांधून आत आणत. पट्टी सुटली की समोर मी. भलेभले धिप्पाड शिपाई माझ्याकडे आ वासून बघत राहायचे, आणि मला फार बरं वाटायचं.

एक गोष्ट मात्र मला कधीच पटली नाही. आत पाहिलेलं बाहेर बोलायचं नाही, अशी त्यांची शपथ होती आणि ती त्यांनी इमानेइतबारे पाळली. पुढे दिवस फिरले, देव बदलले, भक्त पांगले. आम्ही कोण होतो हे सांगायला कुणी उरलं नाही. देऊळ मातीने भरलं. कित्येक शतकांनी कुणीतरी ती माती उपसून तिथे वाइन साठवायला सुरुवात केली. ओट्यांवर पिंपं बसली. सेत्तिमिओच्या घराण्याने माझ्या डोक्यावर नरसाळी आणि बुचं ठेवली.

मग एका वर्षी घराच्या भिंतीला तडा गेला. नगरपालिकेचा इंजिनिअर म्हणाला, तळघर काँक्रीटने भरा, म्हणजे वरचं घर टिकेल. शुक्रवारी काँक्रीट येणार होतं. मातीत पुरलेलं कधीतरी वर येतं. काँक्रीटमधून मला कोण काढणार? त्याआधी नियमाप्रमाणे पुरातत्त्व खात्याची ओर्नेल्ला पाहणी करून जाणार होती. आमच्याकडे या खात्याचं नाव निघालं की लोक आधी जुन्या वस्तू लपवतात. शेजाऱ्याच्या अंगणात रंगीत फरशीचा तुकडा निघाला, तर फाटकाला कुलूप लागलं ते लागलंच. ओर्नेल्ला येणार त्या सकाळी सेत्तिमिओने पहार घेतली आणि धापा टाकत माझं तोंड भिंतीकडे फिरवलं. भिंत आणि मी यांच्यात वीतभर जागा उरली, आणि पाठीचा कोनाडा पुढे आला.

"बाई, इथे माझ्याहून जुनं काही नाही," तो ओर्नेल्लाला म्हणाला.

"तेवढंही पुष्कळ झालं," नेरीना जिन्यावरून म्हणाली.

"ओटे एवढे लांब कशाला, काका?"

"पिंपांना आडवं व्हायला."

"आणि हा दगड?"

"कोंबड्यांना पाणी ठेवायचो त्यात. आता उभा करून ठेवलाय."

ओट्यांमुळे तिला इथे जुनं देऊळ असावं असा संशय आला होता, पण नुसत्या ओट्यांवर काँक्रीट थांबत नसतं. मी आशा सोडली. कोनाड्याचं माप घ्यायला तिला दोन्ही हात मोकळे हवे होते, म्हणून तिने हातातली विजेरी कोनाड्यातच ठेवली.

भिंतीवर किरण उमटले.

ओर्नेल्लाने वाकून त्या फटीत पाहिलं. "काका, कोंबड्यांच्या भांड्याला भोकं कशी?"

"म्हणून तर वापरत नाही. गळतं."

"पुरे आता," नेरीना खाली येत म्हणाली. "सांग तिला खरं."

सेत्तिमिओ ओट्यावर बसला. "सांगितलं की कुलूप लावाल. ही नांदायला आली ती याच घरात. या वयात तिला घेऊन कुठे जाऊ?"

"कुलूप कशाला? देऊळ ठरलं तर काँक्रीटच रद्द होईल. भिंतीला लोखंडी टेकू देऊ, तेही सरकारी खर्चाने. तुम्ही वर राहायचं. पिंपं तेवढी हलवा."

"मग हे आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

सेत्तिमिओने टोपी काढली आणि त्याच टोपीने डोळे पुसले. नेरीना त्याच्या शेजारी टेकली. माझाही जीव भांड्यात पडला. शुक्रवारी काँक्रीटऐवजी टेकू आले, आणि चार माणसांनी मला जपून पुन्हा समोर वळवलं. आता रविवारी लोक बघायला येतात. सेत्तिमिओ मागे दिवा ठेवतो आणि आपण हे पहिल्यापासून ओळखलं होतं म्हणून सांगतो. नेरीना तेव्हा मुद्दाम खोकते.

मित्रांनो, तुमच्या नांगराला किंवा कुदळीला असा एखादा मुका दगड लागला, तर त्याला फोडू नका, लपवूही नका. भीती वाटली तर ती जाणत्या माणसापाशी बोलून टाका. घर जाईल या धास्तीने सेत्तिमिओने मला दडवलं होतं. ती धास्ती तोंडातून बाहेर पडली, तेव्हा कुठे त्याचं घर वाचलं, आणि त्याच्याबरोबर मीही.