सतरा नंबरची अनोळखी बाई

विद्यार्थी संघात तिला सगळे वकीलबाई म्हणायचे. कायद्याचं पुस्तक तिनं जन्मात उघडलेलं नव्हतं, शिकत होती भूगोल. पण कुणाची हजेरी कमी पडू दे, कुणाच्या खोलीत चोरून ठेवलेली शेगडी सापडू दे, चौकशी समितीपुढे पोराच्या शेजारच्या खुर्चीत बसायला हिलाच बोलावणं यायचं. कामही मोठं गमतीचं. प्रतिनिधीनं विद्यार्थ्याच्या वतीनं उत्तर द्यायचं नाही, विचारतील ते ज्याचं त्यानं सांगायचं, असा नियम. प्रतिनिधीच्या हातात एकच हत्यार: पाच मिनिटांची विश्रांती मागायची. पोरगं आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायला लागलं, की ही हात वर करायची, त्याला व्हरांड्यात न्यायची, चांगलं झापायची आणि परत आणून बसवायची. अशी तिनं कितीतरी पोरं वाचवली होती, आणि खरं सांगायचं तर तिला त्याचा थोडा गर्वही झाला होता.

संघाचं दुसरं काम वस्तीत फिरायचं. संसाराच्या रगाड्यात ज्यांचं शिक्षण राहून गेलं, अशा मोठ्या माणसांसाठी संध्याकाळी इतिहासाचा वर्ग काढायचा, ही कल्पना तिचीच. विद्यापीठानं हो म्हटलं, पण अट घातली: तीस जण जमले तर वर्ग, एक जरी कमी पडला तर टाळं. महिनाभर ती दारोदार फिरली. कुणी तोंडावर दार लावलं, कुणी अंगावर कुत्रं सोडलं, एका आजोबांनी तर तिला नळदुरुस्तीवाली समजून न्हाणीघरात नेलं आणि गळती दाखवली. तिनं ती बघितली, दोन आटे आवळून दिले आणि मग आजोबांचं नाव लिहून घेतलं. इतकं करून शेवटच्या दिवशी घोडं एकोणतिसावर अडलं.

त्या संध्याकाळी ती घरी येऊन खुर्चीत कोसळली. "बाबा, तुम्ही द्या ना नाव!"

बाबा लिफ्टदुरुस्तीच्या नोकरीतून नुकतेच निवृत्त झाले होते. शाळेत इतिहासाच्या तासाला ते कायम वर्गाबाहेर उभे असत, हे त्यांनीच सांगितलेलं.

"मी आणि इतिहास? अगं, तुझ्यासाठी विहिरीत उडी टाकीन, पण हे—"

"उडी नको. नुसते बसा."

आईनं चहा गाळून दोघांपुढे ठेवला. बाबांनी एक घोट घेतला, सुस्कारा सोडला आणि सही केली. आडनावांच्या क्रमानं नंबर मिळाला सतरा. वर्ग सुरू झाला, संघाची पाठ थोपटली गेली आणि वकीलबाई पुन्हा शेगडीवाल्यांच्या बचावाला लागली.

चार महिन्यांनी तिच्या टेबलावर तक्रार येऊन पडली. विद्यार्थी क्रमांक सतरा हे वर्गात न येता आपल्या जागी एका अनोळखी बाईला बसवतात, असं तीत म्हटलं होतं. तिनं दोनदा वाचलं. शिक्षा तिला पाठच होती: नाव कमी. नाव कमी झालं की उरले एकोणतीस, आणि एकोणतीस म्हणजे टाळं. आजोबांपासून सगळे घरी!

"बाबा, कोण आहे ती बाई?"

बाबांनी वर्तमानपत्र नाकापर्यंत वर घेतलं. "कोण बाई?"

"बाबा!"

"हे बघ, तू वकील. वकिलाला जितकं कमी माहीत तितकं बरं असतं म्हणतात."

"मी वकील नाही! आणि मला जर कळलं ना, की तुम्ही या वयात काहीतरी—"

"भाजी करपली!" आई आतून ओरडली. जाऊन बघितलं तर भाजी अजून चिरायचीच होती. पण वकीलबाईचं डोकं इतकं फिरलं होतं, की तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. रात्रभर तिच्या डोळ्यांसमोर लिपस्टिकवाल्या नाना बाया येऊन गेल्या.

चौकशीची खोली अरुंद होती, खिडकी रंगानं चिकटून बसलेली, टेबल मात्र भलंमोठं. समितीच्या अध्यक्षबाई रसायनशास्त्राच्या. त्यांनी चष्म्यावरून बापलेकींकडे बघितलं. "प्रतिनिधी नात्यातला असायला मनाई नाही. पण इथे बाबा-बिबा चालायचं नाही. हे क्रमांक सतरा."

आधी ओळखपत्रं वाटणारा कारकून उठला. "मी वर्गात जाऊन सतरा नंबर पुकारला, तर एक बाई उठल्या. मी म्हटलं, बाई, या फोटोत मिशा आहेत. तर म्हणाल्या, काढल्या."

अध्यक्षबाईंनी रुमाल तोंडाला लावून खोकल्यासारखं केलं आणि इतिहासाच्या सरांकडे वळल्या. "चार महिने तुम्हाला शंका आली नाही?"

"मी नंबर वाचतो, मान वर करत नाही," सर अपराधी चेहऱ्यानं म्हणाले. "आणि हजेरीला त्या 'मी' असं म्हणतच नव्हत्या हो. सतरा म्हटलं की म्हणायच्या, 'हजर आहेत.' आवाज इतका स्वच्छ, की पुढे विचारायचं सुचायचंच नाही."

"क्रमांक सतरा, त्या वेळी तुम्ही कुठे असता?"

"आता कुठे म्हणजे, कोपऱ्यावर आमचा पत्त्यांचा—"

"विश्रांती!" वकीलबाई उभीच राहिली.

व्हरांड्यात ती दातओठ खाऊन म्हणाली, "पत्ते? मी इथे जिवाचं रान करतेय आणि तुम्ही पत्ते खेळताय?"

"अगं, पहिल्या तासाला मी घोरलो. दुसऱ्या तासाला माझ्या घोरण्यानं शेजारचा उठला. म्हटलं, आपल्यापायी दुसऱ्यांची झोपमोड नको."

"आत गेल्यावर विचारलं त्याचंच उत्तर द्यायचं. आणि थोडक्यात."

आत गेल्यावर अध्यक्षबाईंनी विचारलं, "तुम्हाला या विषयात रस आहे का?"

"नाही," बाबा थोडक्यात म्हणाले.

"विश्रांती!"

"आता आणखी एकदा मागितलीत तर मीच विश्रांती घेईन, थेट घरी जाऊन," अध्यक्षबाई म्हणाल्या. "त्या बाईंना बोलवा."

दार उघडलं. ठेवणीतले कपडे, खांद्याला पर्स, केस चापूनचोपून बसवलेले. वकीलबाईच्या तोंडातून निघून गेलं, "आई!"

"म्हणजे अनोळखी बाई चांगल्याच ओळखीच्या निघाल्या," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांनी लेकीच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि हातानंच दाराकडे खूण केली. "जा. पाच मिनिटं. माझ्याकडून."

व्हरांड्यात वकीलबाईला हसावं की रडावं कळेना. लिपस्टिकवाल्या बाया गेल्या म्हणून जीव भांड्यात पडला होता, आणि लगेच संतापही आला होता. "मला एका शब्दानं सांगितलं नाहीस?"

"तू विचारलंस?" आई म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "सगळी वस्ती पालथी घातलीस. ज्याला दिसत नाही त्याला विचारलंस, ज्याला ऐकू येत नाही त्याला विचारलंस. शेवटी एक कमी पडला तर यांना विचारलंस, यांना पुस्तक बघून जांभई येते हे माहीत असून. मी तिथेच उभी होते. चहा गाळत होते."

कॉलेजचं एक वर्ष करून आईनं लग्नासाठी ते सोडलं होतं, हे वकीलबाईला लहानपणापासून ठाऊक होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण सवय कुठे जाते? दुसऱ्याच क्षणी ती कुजबुजली, "बरं, ऐक. आत इतकंच सांग, की बाबा आजारी होते, तू एक-दोनदाच बसलीस. ताकीद देऊन सोडतील. वर्ग वाचेल."

आई सरळ आत गेली.

"किती तासांना बसलात?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

वकीलबाईचा हात वर गेला. आईनं तो धरून टेबलावर दाबला आणि तसाच ठेवला.

"सगळ्या. पहिले दोन सोडून. हे म्हणाले, पोरीचा वर्ग बंद पडेल, तू जाऊन बस. मी एकदाच म्हणून गेले आणि मग मला राहवेना." तिनं अध्यक्षबाईंकडे बघितलं. "मी हॉस्पिटलच्या टेलिफोनवर होते. सगळा जन्म याचा आवाज त्याला जोडून दिला. जोडला की आपण बाजूला व्हायचं. इथे सर काही विचारतात आणि मला त्याचं उत्तर येतं. घरी जाताना मी तेच मनात घोळवत जाते. चूक झाली हे मला मान्य आहे. पण मला तिथे बसायला फार आवडतं, आणि ते मी खोटं सांगणार नाही."

मग अध्यक्षबाई म्हणाल्या, "रीतसर प्रवेश हवाय का?"

"हवाय ना! तिला पहिल्यापासून आवड—" बाबा.

"त्यांच्याइतकं लक्ष तर कुणीच—" सर.

"नियमानुसार रिकाम्या जागेवर—" वकीलबाई.

"मी तुम्हा तिघांना विचारलं का?"

आईनं पर्सचा पट्टा नीट केला. "हवाय," ती म्हणाली. "फक्त एक आहे. परीक्षेत जे काय होईल ते माझ्या नावावर पडलं पाहिजे."

निकाल त्याच दुपारी लागला. बाबांचं नाव कमी, शिवाय लेखी माफी. त्यांच्या जागी आई, म्हणजे तीसचे तीस कायम. नाव कमी झाल्याचं ऐकून बाबांचा चेहरा असा खुलला, की निदान माफी लिहून होईपर्यंत तरी तोंड पाडून बसा, असं अध्यक्षबाईंना सांगावं लागलं. आजोबांनी व्हरांड्यात सगळ्यांना बिस्किटं वाटली. विद्यापीठानं आपली चूक झाकायला संघाच्या लोकसंपर्काचं कौतुक केलं, आणि वकीलबाईनं ते खाली मान घालून ऐकून घेतलं.

मग परीक्षा आली. आईनं महिनाभर घर डोक्यावर घेतलं. बाबा दोन्ही वेळचा स्वयंपाक करायला लागले, आणि तो मुकाट खाणं हे मायलेकींच्या नशिबी आलं. इतकं होऊन आई काय झाली? नापास! दोन मार्कांनी.

वकीलबाई निकाल कळल्या कळल्या धावत घरी आली. आई टेबलाशी उत्तरपत्रिकेची प्रत पसरून बसली होती.

"काळजी करू नकोस," वकीलबाई धापा टाकत म्हणाली. "तिसऱ्या प्रश्नाला त्यांनी हात आखडलाय. पुनर्तपासणीचा अर्ज मी आणलाय. तू फक्त सही कर. सरांशी पण बोलते, दोन मार्क म्हणजे काय—"

"बस खाली," आई म्हणाली.

ती बसली.

"तिसऱ्या प्रश्नात मी माती खाल्लीय. साल चुकलं, राजा चुकला, उरलं काय मग? त्यांनी दिलेत तेच जास्त आहेत." आईनं अर्ज उलटा करून बाजूला सरकवला. "पुढच्या वेळी काढीन. पण या मार्कांना हात लावायचा नाही."

"अगं, पण नापास—"

"हो. मी झालेय."

तेवढ्यात फोन वाजला. मावशी होती. आईला निकाल विचारायला तिनं मुद्दाम फोन केला होता.

"नापास झाले गं!" आई म्हणाली. आवाज इतका खणखणीत, की स्वयंपाकघरातून बाबा डाव हातात घेऊन बाहेर आले. पलीकडून मावशीनं काहीतरी विचारलं. आई खुर्चीत ताठ बसली. "छे छे! यांच्या नावावर कशाला? माझ्या."